मळखेडची बसदी



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारचे पेशंट संपवून मी दवाखान्याचे शटर ओढत होतो, तेवढ्यात मोबाईलवर एक फोटो आला. पाठवणारा आमच्या पाहुण्यांतला मुलगा. तो तिबिलिसीला, म्हणजे जॉर्जिया देशात, एम.बी.बी.एस. शिकतो. आपल्या भागातली बरीच मुले हल्ली तिकडे डॉक्टरकी शिकायला जातात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. फोटोत मागे बर्फाने झाकलेला काझबेक पर्वत, पुढे एक उघडी टेकडी आणि तिच्या माथ्यावर एकटेच उभे असलेले दगडी चर्च. शेजारी घंटेचा वेगळा मनोरा. खाली त्याने लिहिले होते, "काका, हे गेर्गेतीचे चर्च. चौदाव्या शतकातले आहे म्हणे. आपल्याकडे असे जुने काही का नाही हो?"

मी उत्तर धाडले, "आहे. याच्याहून चार-पाचशे वर्षे जुने आहे. तुझ्या आजोळाहून, कलबुर्गीहून, तासाभरावर आहे. आणि लहानपणी तू तिथे जाऊन आलेला आहेस."

थोड्या वेळाने त्याचा प्रश्न आला, "कुठे?"

"मळखेडला."

"ते अंधारातले मंदिर?"

हो, तेच. मंडळाने यंदाच्या पुस्तिकेसाठी विषय विचारला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या मुलाचे हे तीन शब्द आले. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. चाळीसहून अधिक वर्षे साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत आलेला गावाकडचा होमिओपॅथ आहे. पण रोग्याची पूर्वपीठिका विचारल्याशिवाय औषध द्यायचे नाही, ही आमच्या शास्त्राची शिकवण. त्याच सवयीने या दगडी घराची पूर्वपीठिका तुमच्यापुढे मांडतो.

आधी त्या जॉर्जियातल्या चर्चविषयी दोन शब्द. ते समुद्रसपाटीपासून २,१७० मीटर उंचीवर आहे. अशा आडजागी ते असल्यामुळे त्याच्यावर एक जबाबदारी येई. म्त्सखेता या जुन्या राजधानीवर संकट आले की तिथल्या पवित्र वस्तू, संत निनोचा क्रूससुद्धा, डोंगरावरच्या या चर्चमध्ये आणून ठेवत. अठराव्या शतकातल्या वाखुश्ती नावाच्या राजपुत्राने तशी नोंद करून ठेवली आहे. पुढे सोव्हिएत राजवटीत तिथली उपासना बंद झाली. १९८८ साली सरकारने टेकडीवर जायला रोपवे बांधला, तर खालच्या गावकऱ्यांना तो त्या जागेचा अपमान वाटला आणि त्यांनी तो मोडून टाकला. राजवट गेली, आणि आज तिथे पुन्हा प्रार्थना होते.

हे वाचताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. दगडी इमारतीचे आयुष्य ठरते कशावर? दगडाच्या कठीणपणावर, की आणखी कशावर? आम्ही डॉक्टर लोक रोग्याची प्रकृती पाहतो, पण घरात त्याला वेळेवर पाणी देणारे कोण आहे हेही हळूच विचारून घेतो. पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त खरे ठरते.

मी मळखेडला पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा वर्षांचा असेन. वडिलांबरोबर बिदरहून रेल्वेने विकाराबाद, तिथे गाडी बदलून वाडीच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने मळखेड रोड, आणि मग बैलगाडी. कागिणा नदीच्या काठी किल्ल्याचे पडके तट दिसले तेव्हा वडील म्हणाले, "बाळ, ही एके काळी आपल्या सगळ्या मुलखाची राजधानी होती." मला काही ते खरे वाटले नाही. राजधानी म्हणजे हैदराबाद, एवढेच आमचे ज्ञान. इथे तर धूळ होती, बाभळी होत्या आणि जिकडेतिकडे सपाट चिरांचा दगड होता. हा सगळा पट्टाच चुनखडीच्या फरशीचा. तुमच्या-माझ्या जुन्या घरांत जी शहाबादी फरशी आहे, ती याच भागातली. तुमच्यापैकी कित्येक जण अशाच फरशीवर रांगत मोठे झाले असतील.

नेमिनाथाच्या बसदीत शिरलो. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि आत एकदम अंधार. डोळे सरावेपर्यंत काही दिसेना. मग एकेक खांब दिसू लागला, मग मूर्ती. मूलनायक नेमिनाथ भगवान, शिवाय चोवीसी, चौमुख, नंदीश्वर द्वीप, यक्षींच्या मूर्ती. खांब आणि भिंती नवव्या ते अकराव्या शतकातल्या आहेत, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी लक्षात राहिली ती एकच वस्तू. पंचधातूचे एक छोटे मंदिर, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढ्या मूर्तीच मूर्ती. वडील म्हणाले, "मोज." मी ब्याण्णव मोजल्या. "पुन्हा मोज." पुन्हा मोजल्या, चौऱ्याण्णव भरल्या. तेव्हा वडिलांनी तिथेच पाढा म्हणायला लावला. चोवीस चोक शहाण्णव. उत्तर आधी कळल्यावर तिसऱ्या खेपेला मूर्तीही बरोबर शहाण्णव भरल्या!

आता वडिलांचे ते वाक्य, "आपल्या सगळ्या मुलखाची राजधानी", तपासून पाहू.

नवव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याने मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड ही आपली राजधानी केली. त्याआधीचे ठाणे मयूरखंडी. ही मयूरखंडी कोणती यावर विद्वानांचे एकमत नाही. काहींच्या मते ती आपल्या बसवकल्याण तालुक्यातली मोरखंडी, तर काहींच्या मते नाशिककडची. अमोघवर्षाने साधारण इ. स. ८१४ ते ८७८ अशी चौसष्ट वर्षे राज्य केले. त्याच्याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले होते. त्याच्या शिलालेखांत राजाला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' असे बिरुद आहे, आणि हे लत्तलूर म्हणजे आपले लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या दरबारात तयार झालेल्या 'कविराजमार्ग' या कन्नडातल्या आद्य ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. म्हणजे पाहा, बिरुद लातूरचे, लेणे वेरूळचे, राजधानी कागिणेकाठची, आणि काव्यशास्त्र कन्नडातले. आज ज्या रेषांवरून आपण वाद घालतो त्यांतली एकही रेषा त्या राजाला ओळखता आली नसती.

राजा जिनसेन आचार्यांचा शिष्य, जैन धर्माचा अनुरागी. पण इ. स. ८७१ च्या संजान ताम्रपटात त्याच्याविषयी वेगळीच हकीकत आहे. प्रजेवर आलेले अरिष्ट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले. जैन गुरूंचा शिष्य आणि महालक्ष्मीचा भक्त, दोन्ही एकच माणूस. आपल्या घरांत पर्युषणही पाळतात आणि शेजारच्या जत्रेला नारळही देतात, त्याचे मला मुळीच नवल वाटत नाही. ही या मातीची जुनी रीत आहे.

परदेशी माणसांनाही हे राज्य ठाऊक होते. इ. स. ८५१ च्या सुमाराचा सुलेमान नावाचा अरब व्यापारी जगातले चार मोठे राजे सांगतो : बगदादचा खलीफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि हिंदुस्थानातला 'बल्हरा'. बल्हरा म्हणजे वल्लभराय, राष्ट्रकूटांचे बिरुद. पुढच्या शतकातला अल-मसूदी त्याच्या राजधानीचे नावही देतो : मानकीर. आमच्या बैलगाडीच्या वाटेवरच्या त्या गावाचे नाव बगदादपर्यंत पोचलेले होते.

या नगरीत काय काय घडले त्याची यादी लांब आहे. जिनसेनांचे आदिपुराण आणि गुणभद्रांचे उत्तरपुराण याच राजवटीतले. महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' याच राजाच्या काळात, इ. स. ८५० च्या आसपास रचला गेला. अनेक वस्तूंतून काही वस्तू किती रीतींनी निवडता येतील याचा सर्वसाधारण नियम त्यात आहे, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. शहाण्णव मूर्ती मोजताना चुकणाऱ्या मुलाने हे वाचून खाली मान घालावी, दुसरे काय!

पण डॉक्टर म्हणून मला थांबायचे आहे ते उग्रादित्याचार्यांपाशी.

उग्रादित्य हे जैन मुनी आणि वैद्य. त्यांच्या ग्रंथाचे नाव 'कल्याणकारक'. पंचवीस परिच्छेद, आणि शेवटी रिष्टाध्याय व हिताहिताध्याय अशी दोन प्रकरणे जोडलेली. हिताहिताध्यायात ते सांगतात की नृपतुंग राजाच्या सभेत, विद्वान आणि वैद्य जमलेले असताना, औषधात मांसाची गरज नाही हे आपण प्रतिपादन केले. नृपतुंग म्हणजे अमोघवर्ष. आजच्या भाषेत सांगायचे तर राजधानीत भरलेली डॉक्टरांची परिषदच ती. एका बाजूला मांसरसाची थोरवी सांगणारे नावाजलेले वैद्य, दुसऱ्या बाजूला हा एक मुनी. उग्रादित्यांनी नुसता धर्माचा आधार घेतला नाही, वैद्यकाच्या अंगाने युक्तिवाद केला. आणि बोलून थांबले नाहीत. मद्य, मांस आणि मध न वापरता चिकित्सा कशी करायची याचा अख्खा ग्रंथ लिहून दाखवला. आपल्याआधीच्या जैन वैद्यांची नावेही त्यांनी नोंदवली. पूज्यपादांचे शालाक्य, पात्रस्वामींचे शल्यतंत्र, दशरथगुरूंची कायचिकित्सा, मेघनादांची बालचिकित्सा, समंतभद्रांचे अष्टांग. यांतले बहुतेक ग्रंथ आज हाती नाहीत. नावे तेवढी उग्रादित्यांमुळे उरली.

'कल्याणकारक' छापून निघाले ते १९४० साली, सोलापुरात, पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाखाली. मी ते वाचले वयाची पन्नाशी उलटल्यावर, सोलापूरच्या एका स्नेह्यांच्या घरी. वाचता वाचता एका ठिकाणी माझे बोट थांबले आणि मला घाम फुटला. त्याचे कारण सांगायला हवे. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

माझे आजोबा गावात औषध देत. पदवी वगैरे नव्हती, हाताला गुण होता. त्यांचे हस्तलिखित कागद लाल बासनात बांधून माळ्यावर ठेवलेले असत. काही मोडीत, काही बाळबोध अक्षरात, मधूनमधून कानडी अक्षरांतल्या ओळी. मी बी.एच.एम.एस. होऊन नुकताच गावी परतलो होतो. नवा दवाखाना, नवी पाटी, हानेमानचे नाव ओठांवर. एका पावसाळ्यात माळा गळला, बासनाला वाळवी लागली. काढून चाळले, तर जागोजागी एकच गंमत दिसली. 'मधात' हा शब्द खोडून वर लिहिलेले, 'साखरेच्या पाकात'. पानोपानी तेच. मला हसू आले. म्हातारा बाबा शब्द खोडत बसला होता, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. वडील आजारी होते, त्यांना विचारले नाही. ते गाठोडे मी स्वतः नेऊन मांजरा नदीत सोडून दिले. पोथी रद्दीत घालायची नाही, एवढा संस्कार होता. वाचायची असते, एवढी अक्कल नव्हती.

सोलापुरात त्या दिवशी कळले, आजोबा काय करत होते. कुणातरी वैद्याच्या वहीतला पाठ उतरवून घेताना ते मध वर्ज्य करत होते आणि त्याजागी चालेल असे अनुपान बसवत होते. हजार-अकराशे वर्षांपूर्वी मळखेडच्या सभेत जो वाद झाला, तो ठाणाकुशनूरच्या आमच्या माळ्यावर, एका अल्पशिक्षित माणसाच्या टाकाने, अजून चालूच होता. आणि तो मी थांबवला. राजाने नव्हे, शत्रूने नव्हे, डॉक्टर झालेल्या नातवाने.

असो. आता शत्रूकडे वळू.

इ. स. ९७२ मध्ये माळव्याचा परमार राजा सीयक, ज्याला हर्षही म्हणतात, मान्यखेटावर चालून आला आणि त्याने नगरी लुटली. राजा खोट्टिग याचा काळ तो. या लुटीच्या दोन साक्षी आहेत, आणि त्या दोन्ही साहित्यातल्या आहेत म्हणून तुम्हांला मुद्दाम सांगतो.

पहिली साक्ष जिंकणाऱ्यांच्या बाजूची. धारानगरीत धनपाल नावाच्या कवीने आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, 'पाइयलच्छी' हा प्राकृत शब्दकोश रचला. तो केव्हा पूर्ण केला हे सांगताना त्याने विक्रम संवत १०२९ दिले, आणि माळव्याच्या राजाने मान्यखेट लुटले त्या वेळी, असेही नोंदवले. एका बहिणीला शब्द कळावेत म्हणून केलेला कोश, आणि त्याच्या तारखेत एका नगरीचा नाश.

दुसरी साक्ष हरणाऱ्यांच्या बाजूची, पुष्पदंताची. हा अपभ्रंशाचा महाकवी. स्वतःला 'अभिमानमेरू' म्हणवणारा, मानी, दुखावलेला माणूस. भटकत भटकत मान्यखेटाबाहेरच्या बागेत येऊन पडला. दोघा जणांनी समजूत घालून त्याला नगरात नेले, आणि तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. त्या घरात बसून त्याने इ. स. ९५९ ते ९६५ या काळात 'महापुराण' लिहिले. पुढे भरताचा मुलगा नन्न याच्या आश्रयाने 'णायकुमारचरिउ' आणि 'जसहरचरिउ' रचले. मग नगरी लुटली गेली, जळली. महापुराणाच्या काही पोथ्यांत त्या दुःखाचा श्लोक सापडतो : विद्वानांची आवडती ती नगरी गेली, आता पुष्पदंताने राहायचे कुठे.

मी हे वाचतो तेव्हा मला धनपाल आणि पुष्पदंत समोरासमोर दिसतात. दोघेही शब्दांचे माणूस, आणि धनपालही पुढे जैन झाला. एकाच्या राजाने दुसऱ्याचे घर जाळले. राजांची नावे आज परीक्षेपुरती उरली आहेत. त्या दोघांचे ग्रंथ मात्र मराठीच्या मुळांचा शोध घेणाऱ्याला अजून उघडावे लागतात.

पुढल्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य बुडवले. शेवटचा वंशज चौथा इंद्र श्रवणबेळगोळला गेला आणि इ. स. ९८२ मध्ये त्याने सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्याच श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' ही मराठी अक्षरे कोरलेली आहेत. ती नेमकी कधी कोरली यावर मतभेद आहेत, पण आपल्या भाषेच्या आरंभीच्या वाक्यांत ती गणली जातात. मळखेडचा राजा जिथे शांत झाला, तिथेच आपली भाषा दगडावर आली, हा योगायोग मला फार हलवतो.

अकराव्या शतकात चालुक्यांची राजधानी कल्याणला गेली. तिथला सहावा विक्रमादित्य आणि जॉर्जियाचा राजा 'बांधकाम करणारा' दाविद हे समकालीन. दाविदाने ११०६ साली गेलाती येथे मठ आणि विद्यापीठ उभारले, तेव्हा इकडे कल्याणला बिल्हण आणि विज्ञानेश्वर लिहीत होते. मान्यखेट मात्र मागे पडले. राजवाडा गेला, बाजार गेला. बसदी राहिली. तिच्यापेक्षा किल्ल्याचा तट जाड होता, तरी तो ढासळला.

बसदी राहिली याचे कारण माणसे येत राहिली. ज्यांचा प्रक्षाळ, अभिषेक चुकला नाही अशी माणसे. मळखेडची भट्टारकांची गादी प्रसिद्ध होती. विदर्भातल्या कारंज्याच्या बलात्कार गणाच्या भट्टारकांनी आपले नाते 'मलयखेड' सिंहासनाशीच सांगितले, आणि त्याच परंपरेची एक शाखा आपल्या लातूरला होती. या भट्टारकांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या पायी फिरण्यातून पोथ्या फिरल्या. पंधराव्या शतकाच्या सुमारास गुणदास, गुणकीर्ती अशी मंडळी मराठीत 'श्रेणिकचरित्र', 'धर्मामृत' लिहू लागली. डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी प्राचीन मराठी जैन साहित्याचा जो धांडोळा घेतला, तो पाहिला म्हणजे मळखेड, लातूर, कारंजा ही एकाच दोरीवरची गावे वाटू लागतात.

आणि पुष्पदंत? नगरी जळाल्यावर साडेनऊशे वर्षांनी तो पुन्हा प्रकटला, तो त्याच कारंज्यातून. कारंजा जैन ग्रंथमालेत डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ साली 'जसहरचरिउ' आणि डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ साली 'णायकुमारचरिउ' प्रसिद्ध केले. त्यानंतर १९३७ ते १९४१ या काळात वैद्यांनी महापुराणाचे तीन खंड बाहेर काढले. आता राहायचे कुठे, असे विचारणाऱ्या कवीला पोथी सांभाळणाऱ्या माणसांनी जागा दिली होती. तीच पोथी एखाद्या शहाण्या नातवाच्या हाती लागली असती तर काय झाले असते, हे मी सांगायला नको.

माणसे गेली की दगडाचे काय होते याचा दाखला आपल्या गोव्यात आहे, आणि तोही जॉर्जियाशी जोडलेला. जुन्या गोव्यातले सेंट ऑगस्टीनचे चर्च एके काळी भव्य होते. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात शिराझ येथे, धर्म सोडायला नकार दिला म्हणून, हाल करून मारले. ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणून या चर्चमध्ये ठेवला. पुढे पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक पंथांना हद्दपार केले आणि १८३५ मध्ये चर्च ओस पडले. अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज उरलेला अर्धा मनोरा पर्यटक बघतात. ढिगाऱ्यातून २००४ साली पुरातत्त्व खात्याला अस्थी मिळाल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची डी.एन.ए. तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींतला एक अवशेष जॉर्जियाला भेट दिला. विचार करा, जांभ्याचे एवढे प्रचंड चर्च, आणि दिवा विझल्यापासून सात वर्षांत छप्पर खाली. मळखेडची ठेंगणी बसदी मात्र राजधानी गेल्यावर हजार वर्षे उभी आहे.

म्हणून आपल्या सीमाभागातला नेहमीचा प्रश्न, "हे कुणाचे?", तो मला इथे अपुरा वाटतो. तुमची माझी घरे निजामाच्या राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो, जहिराबाद-नारायणखेड तिसरीकडे. एका घरातल्या दोन बहिणी दोन राज्यांत पडल्या. ते दुःख मी हलके मानत नाही. आमच्या घरातही ते आहे. पण मळखेडच्या बसदीत संस्कृत आले, प्राकृत आले, अपभ्रंश आले, कन्नड आले, आणि भट्टारकांच्या मागोमाग मराठीही आली. शेजारीच टीकाचार्य जयतीर्थांच्या वृंदावनाला उत्तरादि मठाचे भाविक येतात. तिथे कुणीही दुसऱ्याला तुझी भाषा कोणती असे विचारून आत घेतलेले मला आठवत नाही. कुणाचे, यापेक्षा कोण येते, हा प्रश्न त्या दगडाच्या जास्त कामाचा आहे.

आणि त्या प्रश्नाचे उत्तर आज काळजीचे आहे. माझ्या लहानपणी यात्रेला निघायचे तर बैलगाड्या भरत. आता आपली मुले पुणे, हैदराबाद, बेंगळुरू आणि त्यापलीकडे आहेत. त्यांना दोष द्यायचा नाही. आपणच त्यांना पाठवले. पण लहानपणी नेले तेव्हा आपण त्यांना अंधार दाखवला, डोळे सरावेपर्यंत थांबू दिले नाही. "चला, जेवणाला उशीर होतोय" म्हणून बाहेर काढले. मीही तसेच केले.

म्हणून तुम्हांला हात जोडून दोन गोष्टी सांगतो. पहिली, घरात जुना कागद असेल, मोडीतला, कानडी अक्षरातला, हिशेबाचा, औषधाचा, आरतीचा, तो नदीत सोडू नका. फोनने फोटो काढा, वाचू शकणाऱ्याला दाखवा, मग काय ते ठरवा. खोडलेला शब्दसुद्धा महत्त्वाचा असतो, हे माझ्याकडून शिका. दुसरी, नातवंडे सुट्टीला आली की एकदा मळखेडला जा. पंढरपूर, गाणगापूर, शिखरजी सगळे होते, तसे हेही होऊ द्या. तुम्ही जैन असा वा नसा. जाताना घाई करू नका.

तिबिलिसीचा मुलगा उन्हाळ्यात येतो म्हणाला आहे. कलबुर्गीहून गाडी करून आम्ही दोघे जाणार आहोत. पंचधातूच्या त्या मंदिरापुढे त्याला उभे करीन आणि म्हणेन, मोज. पाढा मात्र आधी सांगणार नाही.